आर्ताची साक्ष

संकटात सापडलेल्या मनुष्याच्या तोंडून देवाचे नाव निघाले तर त्या नामोच्चाराला किती किंमत द्यावी, हा प्रश्न आस्तिकाला आणि नास्तिकाला सारखाच अडचणीत टाकणारा आहे. नास्तिकाचे म्हणणे असे, की भयाने ज्याची बुद्धी झाकोळली आहे त्याची साक्ष कोणतेही न्यायासन ग्राह्य धरीत नाही, मग ईश्वराच्या अस्तित्वासारख्या मोठ्या खटल्यात ती का धरावी; आणि आस्तिकही, उघडपणे कबूल न करता, त्याला मनातून दुजोराच देत असतो, कारण दुखण्यात बोललेले नवस दुखणे हटताच विसरले जातात हा अनुभव देवळातल्या पुजाऱ्याला, दर्ग्यातल्या मुजावराला आणि चर्चमधल्या पाद्र्याला सारखाच जुना आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे जे चार वर्ग सांगितले आहेत त्यांत आर्ताचे नाव अगदी पहिले येते. परंतु श्रेष्ठत्वाचा मान ज्ञान्याकडे जातो, आणि पुढे भगवंतांनी चौघांनाही उदार म्हटले असले तरी आपल्या प्रवचनकारांनी आर्ताला पंगतीच्या शेवटच्या पाटावरच बसवले आहे. त्या पाटावर बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला, आणि तेथे बसूनही ज्याने बुद्धीचा हक्क सोडला नाही, असा एक समकालीन अमेरिकन कवी ख्रिश्चन वायमन हा आहे. त्याची कैफियत मराठी वाचकांपुढे मांडावी आणि तिच्यावर आपल्या परीने निवाडा द्यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

वायमनचा जन्म १९६६ सालचा, आणि त्याचे बालपण गेले ते पश्चिम टेक्सासातील स्नायडर नावाच्या लहानशा गावी. हा मुलूख सपाट, रुक्ष आणि वाऱ्यावाऱ्याने धूळ उडवणारा. कापसाची शेते, मेस्कीटची खुरटी झाडे, जमिनीतून खनिज तेल उपसणारी यंत्रे, आणि ह्या सगळ्यावर ओठंगलेले एक अवाढव्य आकाश. येथील लोकांचा पंथ सदर्न बाप्टिस्ट. गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८४५ साली उत्तरेतील बंधूंपासून विभक्त झालेला हा पंथ आज अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ आहे, आणि त्याच्या धर्मजीवनात ‘पुनर्जन्मा’च्या क्षणाला असाधारण महत्त्व आहे. मनुष्याने अमुक दिवशी, अमुक प्रवचनानंतर, सर्व मंडळींच्या देखत उठून ख्रिस्ताचा स्वीकार केला असे सांगता आले पाहिजे. श्रद्धेला तारीख असली पाहिजे. ज्या गावात श्रद्धा हवेसारखी सर्वत्र असते तेथे तिचा विचार कोणी करीत नाही, आणि वायमनला ईश्वर न मानणारा मनुष्य प्रत्यक्ष भेटला तो व्हर्जिनियात, वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठात शिकायला गेल्यावरच. त्यानंतर धर्म त्याने भांडून टाकला असे झाले नाही. तो हळूहळू गळून गेला, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर कवितेने कब्जा केला.

हा कब्जा किती पुरा होता ते ध्यानात घेतल्याखेरीज पुढची कथा कळावयाची नाही. कविता हीच धर्माची वारसदार होणार, असे भाकीत मॅथ्यू आर्नल्डने १८८० साली केले होते. अमेरिकेत वॉलेस स्टीव्हन्सने, हार्टफर्ड येथे विमा कंपनीचा वरिष्ठ अधिकारी म्हणून दिवसभर कागद निकालात काढून उरलेल्या वेळात, हेच भाकीत एका तत्त्वज्ञानाच्या पदवीला नेले. देव गेला तरी चिंता नको, कारण ज्या कल्पनाशक्तीने देव निर्माण केला ती शाबूत आहे, असा ह्या संप्रदायाचा सारांश. विशीतला आणि तिशीतला वायमन ह्याच संप्रदायाचा व्रतस्थ होता. नोकरी धरावी, घर करावे, एका गावी स्थिर व्हावे हे त्याला कवितेशी बेइमानी केल्यासारखे वाटे. तो देशोदेशी बिऱ्हाड हलवीत राहिला, ग्वाटेमालात बसून त्याने मिल्टनचे पारायण केले आणि त्यावर पुढे निबंधही लिहिला. स्टॅनफर्डची स्टेग्नर पाठ्यवृत्ती मिळवली. १९९८ साली ‘द लाँग होम’ हा पहिला संग्रह प्रसिद्ध केला. ह्या सर्व खटाटोपामागे एकच आस होती, की आपल्या हातून अशी एक तरी कविता व्हावी जी आपल्यामागे उरेल. अमरत्वाची इच्छा गेली नव्हती, फक्त तिचा अर्ज दुसऱ्या कचेरीत दाखल झाला होता.

त्या कचेरीतून काय जाब मिळतो ते वायमनने पुष्कळ वर्षांनी, ‘ही हेल्ड रॅडिकल लाइट’ ह्या २०१८ सालच्या पुस्तकात सांगितले आहे. त्यातील दोन प्रसंग विसरता येत नाहीत. एकदा ए. आर. अॅमन्स हा थोर कवी विद्यार्थ्यांपुढे कविता वाचीत असता मध्येच थांबला, ह्यात तुम्हांला आनंद मिळणे शक्यच नाही असे काहीसे म्हणाला आणि खाली बसला. दुसरा प्रसंग डॉनल्ड हॉलचा. आयुष्यभर कवितेची सेवा केलेल्या ह्या वृद्ध कवीने जेवणाच्या मेजावर सहज बोलता बोलता सांगितले, की आपल्या लेखनापैकी एक शब्दही टिकणार नाही हे आपल्याला अडतिसाव्या वर्षीच उमगले होते. ऐकणाऱ्या वायमनचे वय त्या वेळी तेच होते. मला हा प्रसंग कोणत्याही धर्मोपदेशाहून अधिक भेदक वाटतो, कारण येथे मूर्तिभंजन बाहेरच्या कोणी केलेले नाही. त्याच देवळातल्या जुन्या पुजाऱ्याने, कसलाही आव न आणता, गाभारा रिकामा असल्याचे कळवले आहे.

२००३ साली वायमन शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाचा संपादक झाला. हॅरिएट मन्रो हिने १९१२ साली काढलेले, एलियटची ‘प्रूफ्रॉक’ १९१५ साली प्रथम छापणारे हे मासिक त्या वेळी एका विलक्षण दैवयोगातून जात होते. लिली ह्या औषध-कारखानदार घराण्याची वारस रूथ लिली हिने किमान दहा कोटी डॉलर किंमतीचे दान मासिकाच्या संस्थेला दिल्याचे २००२ च्या अखेरीस जाहीर झाले होते. आणि ह्याच बाईंच्या कविता ह्याच मासिकाने पूर्वी साभार परत केल्या होत्या! (साभार परतीची चिठ्ठी सभ्य शब्दांत लिहावी, हा धडा आपल्याकडील संपादकांनीही घेण्यासारखा आहे.) वायमनने दहा वर्षे संपादकत्व केले, मासिकाचा खप कितीतरी वाढवला, आणि निर्भीड समीक्षा छापून पुष्कळांचा रोषही ओढवून घेतला. कवितेच्या राज्यात ह्याहून मोठी सनद अमेरिकेत कोणाला मिळत नसेल. परंतु ती हाती पडली तेव्हा सनद धारण करणाऱ्याची स्वतःची कविता आटली होती. सुमारे तीन वर्षे त्याच्या हातून एकही कविता झाली नाही.

येथून पुढे घटनांचा क्रम बारकाईने पाहिला पाहिजे, कारण आपल्या खटल्याचा सारा निकाल ह्या क्रमावर अवलंबून आहे. त्या मौनाच्या काळात वायमन डॅनियल चॅपमन ह्या कवयित्रीच्या प्रेमात पडला आणि दोघांनी विवाह केला. जेवणापूर्वी काहीतरी प्रार्थना म्हणावी असे दोघांना वाटू लागले. आरंभी थोडे संकोचाने, थोडे थट्टेने, मग थट्टा मागे पडून. ज्या सुखावर आपला काडीचाही हक्क नव्हता ते पदरात पडले आहे, आणि आभार मानावयाचे तर ते कोणाचे मानावे हे ठाऊक नाही, अशी ती अवस्था होती. ऋण आहे, पण धनकोचा पत्ता नाही. ह्या अवस्थेला ईश्वरश्रद्धा म्हणता येणार नाही, पण तिची चाहूल म्हणता येईल. आणि ही चाहूल लागली तेव्हा घरात आजाराचे नाव नव्हते.

त्यानंतर, लग्नाला फार काळ लोटला नसताना, २००५ साली, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या दिवशीच, त्याला रोगाची वार्ता कळली. पुढील तपासण्यांअंती जे निदान झाले ते वाल्डनस्ट्रॉम ह्या स्वीडिश वैद्याने १९४४ साली वर्णिलेल्या रक्ताच्या कर्करोगाचे होते. ह्या रोगात मज्जेतील एका जातीच्या पेशी बेसुमार वाढून एक विशिष्ट प्रथिन इतके निर्माण करतात की रक्तच दाट होऊ लागते. दर दशलक्ष माणसांमागे वर्षाला सुमारे तिघांना होणारा हा रोग बरा होत नाही. आणि त्याची चाल इतकी अनिश्चित, की कोणाला तो पुष्कळ वर्षे हिंडूफिरू देतो, तर कोणाला फारशी मुदत देत नाही. फाशीचा हुकूम व्हावा पण तारीख कळू नये, असा हा प्रकार. पतिपत्नी त्यानंतर एका रविवारी आपल्या रस्त्याच्या टोकाशी असलेल्या चर्चमध्ये जाऊन बसली. कविताही परत आली. २००७ साली ‘अमेरिकन स्कॉलर’ ह्या त्रैमासिकात वायमनने ह्या साऱ्या प्रकाराचा वृत्तांत एका निबंधात दिला. तो अमेरिकेत फार वाचला गेला, आणि त्या निबंधाबरोबरच आपल्या प्रश्नालाही वाचा फुटली.

आक्षेप उघड होता. प्रकृती धडधाकट असताना जो देव आठवला नाही तो मृत्यूने दार ठोठावताच आठवावा, ह्यात देवाचा पुरावा कोणता? पुरावा फक्त भीतीचा. वायमनने हा आक्षेप टाळला नाही. ‘माय ब्राइट अॅबिस’ ह्या २०१३ सालच्या गद्यग्रंथात तो त्याने स्वतःच उभा केला आहे. त्याचे उत्तर दुपदरी आहे. पहिली गोष्ट, मोठ्या आघातानंतर माणसाची श्रद्धा जागी होते तितक्याच सहजतेने ती नष्टही होते. आघात एकच, परिणाम परस्परविरुद्ध, तेव्हा ‘आघात झाला म्हणून श्रद्धा आली’ हे कार्यकारण वाटते तितके साधे नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. भयभीत मन सोप्या आधाराकडे धावते असे आपण गृहीत धरतो. पण अशा वेळी जो देव सामोरा येतो तो सोपा असतोच असे कोण म्हणाले? ज्या दरीपासून पळावयाचे, ती दरीच ज्याच्या पोटात आहे, असा तो देव असेल तर त्याच्याकडे धावणे हे पलायन कसे ठरणार? आणि तारीखवार पुनर्जन्माच्या पंथात वाढलेल्या ह्या माणसाने आपल्या बाबतीत तसा क्षण घडल्याचे साफ नाकारले आहे. प्रकाश पडला नाही, देवदूत आला नाही; आत सुप्त असलेल्या एका गोष्टीला आपण रुकार दिला, इतकेच तो म्हणतो.

अमेरिकेच्याच एका तत्त्वज्ञाने ह्या वादाची पायाभरणी शतकापूर्वी करून ठेवली आहे. विल्यम जेम्स ह्याने १९०१ आणि १९०२ साली एडिंबरो येथे दिलेल्या व्याख्यानांच्या आरंभीच ‘वैद्यकीय जडवादा’चा समाचार घेतला आहे. संत पॉलला दमास्कसच्या वाटेवर झालेले दर्शन म्हणजे अपस्माराचा झटका, अमुक साध्वीचा भावावेश म्हणजे मज्जातंतूंचा विकार, असे म्हटले की अनुभवाची वासलात लागली असे मानणाऱ्यांना जेम्सने विचारले, की शास्त्रज्ञाचा सिद्धान्तही त्याच्या मेंदूतच उपजतो, मग यकृताची तपासणी करून तुम्ही त्याचीही वासलात का लावीत नाही? मत कोठून उपजले ह्यावरून त्याचे सत्यत्व ठरत नाही. ते पुढे काय घडवते, इतर ज्ञानाशी कसे नांदते, ह्यावरून ते ठरते. जेम्सच्या ह्या युक्तिवादात एक उणीव मला नेहमी जाणवते, ती अशी, की श्रद्धेची फळे चांगली निघाली म्हणजे श्रद्धाविषय खरा ठरतो असे नव्हे. गोड भ्रमालाही चांगली फळे येऊ शकतात. पण आर्ताची साक्ष केवळ तो आर्त आहे म्हणून फेटाळता येणार नाही, इतके तरी जेम्सने निर्विवाद सिद्ध केले आहे. साक्ष नोंदवून घेतलीच पाहिजे. मग तिची उलटतपासणी हवी तेवढी कडक होऊ द्या.

ह्या उलटतपासणीत वायमनचे साक्षीदार कोण आहेत ते पाहण्यासारखे आहे. सिमोन वेल ही फ्रेंच विदुषी, जिने संस्कृत शिकून गीता वाचली, ख्रिस्तावर जीव लावला आणि तरीही बाप्तिस्मा घेण्याचे टाळून १९४३ साली चौतिसाव्या वर्षी इंग्लंडात देह ठेवला. तीव्र मस्तकशूळ तिचा जन्माचा सोबती होता. शेजारशेजारच्या कोठड्यांतील दोन कैदी मधल्या भिंतीवर टकटक करून एकमेकांशी बोलतात, तेव्हा जी भिंत त्यांना दुरावते तीच त्यांच्या संभाषणाचे साधन होते, हा वेलचा दृष्टान्त वायमनला विशेष प्रिय आहे. दुसरा डीट्रिख बाँहोफर, ज्याने हिटलरच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत, देव ही अडचणीच्या वेळी बोलावण्याची सोय नव्हे, असे बजावले आणि जो ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबुर्गच्या छळछावणीत फासावर गेला. तिसरा युर्गेन मोल्टमान. हँबर्गवरील १९४३ सालच्या भयंकर बाँबवर्षावात ह्या पोरसवदा सैनिकाचा मित्र शेजारीच ठार झाला, पुढे युद्धकैदी म्हणून तीन वर्षे काढताना एका पाद्र्याने दिलेले बायबल त्याच्या हाती आले, आणि कृसावरील ख्रिस्ताने देवाला ‘तू मला का टाकलेस’ असे विचारल्याचे वाचून त्याला वाटले, की आपले दुःख जाणणारा कोणी असेल तर तो हा. त्यातूनच पुढे १९७२ साली ‘कृसावर खिळलेला ईश्वर’ हा त्याचा युगप्रवर्तक ग्रंथ निघाला. म्हणजे असे, की विसाव्या शतकातील ज्या ख्रिस्ती तत्त्वचिंतनाला आज विद्यापीठांत मान आहे त्याचा केवढा तरी भाग रुग्ण, कैदी आणि पराभूत ह्यांनी, म्हणजे आर्तांनीच, लिहिला आहे. ज्ञानी आणि आर्त हे वेगवेगळ्या पाटांवर बसतात ही आपली समजूत ह्या इतिहासापुढे फारशी टिकत नाही.

वायमन ख्रिस्ताला मानतो तो पुनरुत्थानाच्या पुराव्यावरून नव्हे, तर कृसावरील त्या एका आक्रोशाच्या आधारावर. देवाने टाकल्याचा अनुभव ज्या देवाला स्वतःला आला आहे, त्याच्याजवळच मनुष्याला आपले एकाकीपण नेता येते, अशी त्याची धारणा आहे. ही धारणा सांत्वन देणारी आहे का? मला तर ती सांत्वन हिरावून घेणारी वाटते, आणि तीत वायमनच्या प्रामाणिकपणाचा सर्वांत मोठा दाखला आहे. मज्जारोपणाच्या दिवसांतील यातनांविषयी तो लिहितो तेव्हा दुःखातून ईश्वरदर्शन झाल्याची भाषा कोठेही नाही. उलट, वेदनेने देवाविषयीचे सारे विचार जाळून टाकले आणि राखेत आपण एकटे उरलो, असाच त्याचा कबुलीजबाब आहे. भीतीपोटी देव रचणारा मनुष्य नेमका गरजेच्या क्षणी गैरहजर राहणारा देव कशाला रचील?

‘माय ब्राइट अॅबिस’च्या रचनेतच ह्या प्रामाणिकपणाची एक खूण आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर चार ओळींचे एक अपुरे कडवे आहे; ते लिहून झाल्यावर पुढे सरता न आल्याची कबुली कवी देतो. त्या कडव्याच्या शेवटी अपूर्णविराम आहे, म्हणजे ज्यावर विश्वास ठेवावयाचा ते आता सांगितले जाईल असे वाटते, आणि पुढे कोरी जागा. सारा ग्रंथ संपल्यावर अखेरच्या पानावर तेच कडवे पुन्हा येते. शब्द एकही बदललेला नाही, फक्त अपूर्णविरामाच्या जागी पूर्णविराम आहे. जे पुढे मिळेल अशी आशा होती ते मिळाले नाही. हाती होते त्यावरच विश्वास ठेवावयाचा, इतकाच फरक पडला. एका टिंबाच्या अंतरात एवढे तत्त्वज्ञान बसवणारा लेखक मला दुसरा आठवत नाही. २०१० सालच्या ‘एव्हरी रिव्हन थिंग’ ह्या संग्रहातील शीर्षककवितेतही हेच तंत्र आहे: एकच ओळ प्रत्येक कडव्यात येते, विरामचिन्हांची जागा तेवढी सरकते, आणि सरकली की देव वस्तूतून निघून गेल्याचा अर्थ देव वस्तूत शिरल्याच्या अर्थात पालटतो. आपल्या जुन्या पोथ्यांत विरामचिन्हे नव्हती आणि अन्वय पाठकाच्या श्वासावर सोपवलेला असे, त्यामुळे ही गंमत मराठी वाचकाला परकी वाटू नये.

इतके म्हटल्यावर काही गोष्टी वायमनच्या विरुद्धही नोंदवल्या पाहिजेत. संशय हा श्रद्धेचा सहचर आहे, हे त्याचे प्रमेय खरे. पण त्याच्या गद्यात संशयाची आळवणी कधी कधी इतकी रंगते की संशय हाच एक अलंकार होऊन बसतो, आणि वाचकाला वाटते, की ह्या गृहस्थाने एखादे दिवशी साधेपणाने होय किंवा नाही म्हणून टाकावे. दुसरे असे, की ईश्वर आपल्याबरोबर दुःख भोगतो हे मान्य केले तरी निरागस बालकाने दुःख का भोगावे, ह्या प्रश्नाला ते उत्तर नव्हे. फार तर ती सहवेदना आहे. वायमनला हे ठाऊक आहे, म्हणूनच तो प्रश्न सोडवल्याचा दावा करीत नाही. आणि तिसरे, ख्रिस्तच का? बुद्ध का नव्हे, कोणी अनाम ब्रह्म का नव्हे? ह्यावर त्याचे म्हणणे असे, की मनुष्याला देव भेटतो तो सर्वसामान्य स्वरूपात नव्हे, तर ज्या भाषेत, ज्या गावात, ज्या गीतांत तो वाढला त्या योगायोगाच्या सामग्रीतूनच; ख्रिस्त ह्या कल्पनेचे मर्मच मुळी असे की अनंताने एका विशिष्ट काळाचे, देशाचे आणि शरीराचे बंधन पत्करले. हे उत्तर मला पटते, पण ते वायमनला वाटते त्याहून दूर जाते. स्नायडर गावात ज्याला ख्रिस्त भेटेल त्याला देहूत विठ्ठल भेटेल, असा त्याचा निष्कर्ष निघतो, आणि सदर्न बाप्टिस्ट उपदेशकाला तो खचित मानवणार नाही.

देहूचा उल्लेख आला तो अगदीच ओढूनताणून नव्हे. दुष्काळात दिवाळे निघालेला, बायको अन्नावाचून गमावलेला तुकोबा हा आपल्या वाङ्मयातील सर्वांत थोर आर्त; आणि त्याने विठोबाशी जे भांडण मांडले, जो तगादा लावला, त्याला भीतीचे अपत्य म्हणण्याचे धाडस आपण करीत नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनाही ख्रिस्ताकडे जाताना तुकोबाची वाट सोडावी लागली नाही, असे त्यांचे स्वतःचेच सांगणे होते. मात्र टिळकांचा ख्रिस्त हा बहुतांशी माउली आहे, सखा आहे. वायमनचा ख्रिस्त हा टाकला गेलेला आहे. दोघांत प्रेमळ कोण हे ठरवणे सोपे आहे, खरा कोण हे ठरवणे माझ्या आवाक्याबाहेरचे.

आता निवाडा. आर्ताची साक्ष ग्राह्य धरावी की नाही, ह्याची कसोटी माझ्या मते एकच: संकटाचा पहिला तडाखा ओसरल्यावर साक्षीदार आपल्या जबानीला चिकटून राहतो का, आणि ती जबानी त्याच्या सोयीची आहे का. वायमनची साक्ष दोन्ही अंगांनी उतरते. कृतज्ञता आजारापूर्वीची आहे. तेव्हा रोगाने त्याच्या श्रद्धेला जन्म दिला हे मुळातच खरे नव्हे, रोगाने फक्त तहकुबी नामंजूर केली. आणि निदानानंतर तो अठरा-वीस वर्षे त्याच जबानीवर कायम आहे, तीही अशी की जीत परलोकाच्या सुखाचे कोणतेही वचन तो स्वतःला देत नाही. ह्यावरून ईश्वर आहे असे सिद्ध होत नाही. परंतु ह्या मनुष्याने भिऊन खोटे सांगितले, हा आरोप मात्र खारीज होतो.

२०१३ साली मासिकाचे काम सोडून वायमन येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विद्यालयात आणि तेथील धर्मसंगीत संस्थेत अध्यापक झाला. पुढे पाद्री व्हावयाचे असलेल्या तरुणांना तो कविता शिकवतो. आनंद ह्या विषयावरील शंभर कवितांचे एक संकलन त्याने २०१७ साली केले, आणि २०२३ साली ‘झीरो अॅट द बोन’ हे निराशेविरुद्धच्या पन्नास टिपणांचे पुस्तक काढले, ज्याचे नाव एमिली डिकिन्सनच्या सापावरील कवितेतून घेतले आहे. ज्या मराठी वाचकांना त्याचा परिचय करून घ्यावयाचा असेल त्यांनी ह्या शेवटच्या पुस्तकापासून आरंभ करू नये. ते पसरट आहे. प्रथम २००७ चा तो निबंध वाचावा, जो त्याच्या ‘अँबिशन अँड सर्व्हायव्हल’ ह्या गद्यसंग्रहात वेगळ्या नावाने समाविष्ट आहे. मग ‘माय ब्राइट अॅबिस’, रोज थोडी पाने, ह्या बेताने. आणि कविता त्यानंतर, शक्य तर मोठ्याने.